जळालं ते घर कुणाचं?

सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुपवर आत्याचा फोटो आला. धूर, अग्निशमन दलाचा बंब आणि गर्दीच्या डोक्यांवरून दिसणारी एक काळी पडलेली गॅलरी. खाली तिने दोनच शब्द लिहिले होते, ‘आपला वाडा.’ पुढच्या दहा मिनिटांत रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. ठाण्याच्या काकांनी ‘एक पर्व संपलं’ असं लिहिलं. अमेरिकेतल्या दादाने कुठल्याशा दिवाळीतला फोटो शोधून टाकला. त्यात आम्ही सगळी चुलत-आते भावंडं किल्ल्यासमोर ओळीने बसलोय आणि मागे तीच गॅलरी आहे.

मीही मागे राहिले नाही. तो फोटो क्रॉप करून स्टेटसला ठेवला आणि वर लिहिलं, ‘माझं बालपण आज जळालं.’ दुपारपर्यंत कॉलेजच्या ग्रुपमधल्या बहुतेकांनी ते पाहिलं होतं. काहींनी ‘स्ट्राँग राहा’ असंही कळवलं. खरं सांगते, तेव्हा ते छान वाटलं.

बाबा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आत कोण राहत होतं, त्यांचं काय झालं, काही कळलं का?”

मी ग्रुप वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. सत्तावीस मेसेज होते. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

दोन खोल्यांचा ‘आमचा’ वाडा

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तो वाडा आमचा नव्हताच. आम्ही तिथले भाडेकरू. सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमधली शेकडो घरं पाण्यात गेली. त्यात पणजोबांचं बिऱ्हाडही गेलं. पूरग्रस्तांपैकी कुणी पुढे गोखलेनगरला गेलं, कुणी सहकारनगरला. आमच्या पणजोबांना ओळखीतून या दोन खोल्या मिळाल्या. आजोबा तेव्हा शाळेत होते. ‘तात्पुरतं’ म्हणून आलेलं बिऱ्हाड 53 वर्षं तिथे राहिलं.

आजी लग्न होऊन त्याच खोल्यांत आली. बाबा आणि आत्या तिथेच वाढले. मी सहावीपर्यंत तिथे होते. खाली चौक, चौकात हौद, हौदाशेजारी नळ आणि पाणी पहाटे पाचला. वर जाणारा लाकडी जिना इतका अरुंद, की गॅस सिलिंडर आणणारा दर वेळी वाड्याच्या मालकाच्या नावाने काहीतरी पुटपुटायचा. आमच्या पुढच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर आजोबांनी चाकूने खुणा केल्या होत्या. प्रत्येक पाडव्याला उंची मोजायची. बाबांच्या खुणा, आत्याच्या खुणा आणि सर्वांत वर नव्याने कोरलेल्या माझ्या. माझ्या खुणा 2014 मध्ये थांबतात.

त्या वर्षी आम्ही खोल्या सोडल्या. कुणी हाकललं नाही. मालकांनी खोल्या रिकाम्या करण्याचे पैसे दिले, ते आम्ही घेतले आणि धायरीच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट भरलं. पुढे मालकांनी त्या खोल्या एकाला चालवायला दिल्या. त्याने भिंतीलगत पाच कॉट टाकल्या आणि खालच्या दारावर कागद चिकटवला, ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा मिळेल.’ पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला आलेल्या कुणालाही हा कागद ओळखीचा असेल.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण ‘वाडा’ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दिवाळीच यायची, पाच कॉट कधी येत नसत.

शनिवारवाड्यालाही हेच झालं

पुण्यात पाहुणे आले की आपण त्यांना आधी शनिवारवाडा दाखवायला नेतो. म्हणजे शहराची ओळख करून द्यायला आपण त्यांना एका जळालेल्या घरात नेतो. 1828 मध्ये त्याला मोठी आग लागली. लाकडी महाल गेले आणि दगडी तट, दरवाजे, जोती, कारंज्याचा हौद मागे राहिला. गाइड तिथे उभा राहून पेशव्यांच्या गोष्टी सांगतो आणि आपल्याला वाटतं, ती आग पेशव्यांच्या घराला लागली.

पण तारखा नीट बघा. पेशवाई संपली 1818 मध्ये. दुसरा बाजीराव तेव्हापासून पुण्यापासून फार लांब, बिठूरला राहत होता. आग लागली तेव्हा ते घर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते तिथे दहा वर्षं राहतच नव्हते. तेव्हा आतून बाहेर कोण पळालं, कुणाचं काय जळालं, हे आपण विचारत नाही. विश्रामबागवाड्याचंही तसंच. 1879 च्या आगीत बुधवारवाडा पूर्ण गेला आणि विश्रामबागवाड्याचा एक भाग जळाला. लोकांनी वर्गणी काढून तो भाग पुन्हा उभा केला, म्हणून आज आपल्याला ती लाकडी महिरप बघता येते. इमारतीसाठी लोक पुढे आले याचा अभिमान वाटायलाच हवा. फक्त, जुन्या घराच्या आगीत आपल्याला इमारत आधी दिसते आणि माणसं नंतर, ही सवय आपल्याला किती जुनी आहे, हेही त्यातून कळतं. आमच्या सत्तावीस मेसेजमध्ये तेच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी आजीने हट्टच धरला. गुडघे दुखतात, जिना चढता येणार नाही, वर जाऊ देणार नाहीत, सगळं सांगून झालं. “मी चौकात उभी राहीन,” ती म्हणाली. मग बाबा, आजी आणि मी गेलो.

वास आधी आला. ओल्या राखेचा, जळालेल्या रबराचा आणि त्यात मिसळलेला जुन्या लाकडाचा. कौलं फुटून चौकात पडली होती. वर बघितलं तर आमच्या मागच्या खोलीच्या जागी आकाश दिसत होतं. गंमत म्हणजे जाड सागवानी तुळया अजून जागेवर होत्या. जाड लाकूड जळताना बाहेरून कोळशाचा थर धरतं आणि तो थर आतल्या लाकडाला काही वेळ सांभाळतो. पण तुळयांवरचा कडीपाट, जिन्याचा कठडा, फडताळं, जे जे पातळ होतं ते गेलं होतं.

चौकात एक मुलगा ओल्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. एकेक कागद सोडवून हौदाच्या कठड्यावर वाळत घालत होता. परभणी जिल्ह्यातल्या एका गावातला, चार वर्षांपासून राज्यसेवेची तयारी करणारा. त्याने सांगितलं ते असं. पहाटे तीनच्या सुमारास पाच जणांपैकी एकटा तो जागा होता. वायर जळाल्याचा वास आला. आधी वाटलं, कुणाचा चार्जर असेल. मग भिंतीवरच्या बोर्डातून ठिणग्या दिसल्या. त्याने आरडाओरडा करून बाकीच्यांना उठवलं आणि सगळे त्या एकुलत्या जिन्याने खाली पळाले. एकाचा हात भाजला. जीव वाचले. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या होत्या. त्या हलवल्यावर बंब आत आला.

“आणि सामान?” मी विचारलं.

“सामानाचं काही नाही ताई. कागद गेले.” दहावी, बारावी, पदवीच्या मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल. सगळं एका फाइलमध्ये होतं आणि फाइल पत्र्याच्या पेटीत. पेटी जळाली नाही, आतलं सगळं भाजून निघालं. चार वर्षांच्या नोट्स गेल्या. पुढच्या महिन्यात कागदपत्रांची पडताळणी होती.

आजी त्याच्याजवळ ओट्यावर बसली. म्हणाली, “बाळा, मी याच खोलीत राहिलेय. चाळीसवर वर्षं.” त्याने वर बघितलं. “मग चौकटीवरच्या त्या खुणा तुमच्या का? आम्हाला वाटायचं, मालकांच्या पोरांच्या असतील.” थोडं थांबून म्हणाला, “आम्ही त्याच्याच खाली परीक्षेच्या तारखा लिहायचो.”

चौकट जळाली होती. आमच्या खुणा आणि त्यांच्या तारखा, दोन्ही गेल्या. पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्या चौकटीवर आमच्यानंतरही कुणीतरी काहीतरी मोजत होतं.

बाबांचा फ्यूज

पंचनाम्यात आगीचं कारण शॉर्ट सर्किट असं लिहिलंय. वर्तमानपत्रातल्या बहुतेक आगींच्या बातम्यांमध्ये हे दोन शब्द असतात आणि ते वाचून आपण पान उलटतो. बाबांनी मात्र त्या मुलाला विचारलं, “बोर्ड कुठला होता? दाराच्या वरचा, चिनी मातीच्या फ्यूजचा?”

“हो, तोच. जुनाच होता. पण फ्यूज कधी उडायचा नाही काका. म्हणून आम्हाला वाटायचं, वायरिंग चांगलंय.”

बाबांनी मान खाली घातली. परतताना रिक्षात त्यांनी सांगितलं. मी लहान असताना मिक्सर आणि इस्त्री एकदम लावली की आमचा फ्यूज उडायचा. दर वेळी स्टुलावर चढून तार बांधायचा कंटाळा आला, म्हणून एके दिवशी त्यांनी साध्या वायरमधल्या तांब्याच्या तीन-चार तारा एकत्र पिळून फ्यूजमध्ये बसवल्या. त्यानंतर फ्यूज कधी उडाला नाही. आम्ही घर सोडलं तेव्हा भांडी, देव, आजोबांचं टेबल, सगळं आठवणीने नेलं. ती तार तिथेच राहिली.

आग त्याच तारेमुळे लागली का? कुणालाच सांगता येणार नाही. बोर्ड वितळून गेलाय. मधल्या काळात कुणी तार बदललीही असेल. पण बाबा मेकॅनिकल डिप्लोमाचे, त्यांना कळतं. फ्यूजची तार मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. वीज मर्यादेपेक्षा जास्त वाहायला लागली की ती आधी वितळते आणि प्रवाह तोडते. तिच्या जागी जाड तार घातली, की भिंतीतली जुनी वायर तापत जाते आणि काही तुटत नाही.

आता हिशोब करा. आमच्या वेळी त्या बोर्डावर दोन पंखे, दोन ट्यूब, एक टीव्ही आणि कधीतरी मिक्सर. या मुलांकडे काय होतं? एक इंडक्शन शेगडी, पाणी तापवायची एक कॉईल, एक इस्त्री, पाच लॅपटॉप-मोबाइलचे चार्जर आणि हे सगळं दोन एक्स्टेंशन बोर्डांवर. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. 1500 वॉटची कॉईल साडेसहा अँपिअर. घरातला साधा लहान सॉकेट असतो 6 अँपिअरचा. यात त्या मुलांची चूक काढायची असेल तर खुशाल काढा. पण मेस परवडत नाही म्हणून इंडक्शन येते, गरम पाणी मिळत नाही म्हणून कॉईल येते आणि पाच जणांचं भाडं घेणारा माणूस बोर्ड मात्र एका कुटुंबासाठीचा, तोही पन्नास वर्षांपूर्वीचा ठेवतो. दर महिन्याला रोख पैसे नेणाऱ्याला त्या पैशातून एक एमसीबी बसवावासा वाटला नाही.

आठवणींचं काय करायचं?

मला नॉस्टॅल्जियाविरुद्ध बोलायचं नाही. आजीला त्या चौकात बसून रडू आलं आणि ते खरं होतं. ज्या घरात माणूस वाढतं, त्याच्यावर त्याचा काहीतरी हक्क राहतोच. माझं म्हणणं इतकंच आहे, की हक्क सांगायचा असेल तर थोडी जबाबदारीही घ्यावी लागेल. ‘आपला वाडा’ म्हणणाऱ्या आम्हा वीस-बावीस जणांपैकी एकही जण गेल्या दहा-अकरा वर्षांत त्या जिन्यावर चढला नव्हता. आतल्या पाच मुलांपैकी एकाचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. आमचं जे जळालं ते दिवाळीच्या फोटोत सुरक्षित आहे, क्लाउडवरसुद्धा आहे. त्यांचं जे जळालं त्याची झेरॉक्सही नव्हती.

कागदावरही त्यांचं तिथे अस्तित्व नव्हतं. त्याच वाड्यात खालच्या मजल्यावर अजून दोन जुनी भाडेकरू कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे जुन्या पावत्या आहेत. इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलंय, हे त्यांच्या वकिलाला माहीत आहे. कॉटवरच्या मुलांकडे करार नाही, पावती नाही. दुसऱ्या दिवशी जागा चालवणाऱ्याचा फोन बंद लागला आणि डिपॉझिटही गेलं. खरं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची असते. पण पहिल्यांदा गावाहून आलेला मुलगा स्वारगेटला उतरल्यावर आधी कॉट शोधणार की कायदा वाचणार?

म्हणून हे तुमच्यासाठी. पुढच्या शैक्षणिक वर्षात तुमच्यापैकी अनेक जण पुणे, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूरला अशाच कुठल्यातरी खोलीत राहायला जाल. रूम बघताना आपण वायफाय, पाणी आणि कॉलेजपासूनचं अंतर विचारतो. त्यात दोन-तीन प्रश्न वाढवा. मेन स्विच कुठे आहे? फ्यूज आहे की एमसीबी? करंट लीक झाला तर वीज तोडणारा आरसीसीबी बसवलाय का? बाहेर पडायला एकच जिना आहे का आणि त्याच्या खाली गाड्या लावतात का? इंडक्शन आणि कॉईल एका एक्स्टेंशनवर कधीच लावू नका. फ्यूज सारखा उडत असेल तर तो काम करतोय. जाड तार घालून त्याला गप्प बसवू नका.

आणि आज रात्री एक तास काढून सगळे दाखले, गुणपत्रिका स्कॅन करा. डिजिलॉकरमध्ये मिळतील ती कागदपत्रं काढून ठेवा. तिथे जारी झालेलं कागदपत्र कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचं मानलं जातं. मूळ कागद शक्यतो गावी घरी ठेवा.

ज्यांनी घर सोडलंय त्यांच्यासाठीही एक गोष्ट. जुनं घर विकताना, खोल्या सोडताना आपण वीजबिलावरचं नाव बदलतो, मीटरचं रीडिंग घेतो. त्या घरात आपण केलेले जुगाडही कुणालातरी सांगून निघा. कुठला बोर्ड शॉक देतो, कुठली तुळई वाळवीने पोखरलीय, कुठल्या फ्यूजमध्ये काय घातलंय. पुढे राहायला येणारं माणूस आपलं कुणी नसतं, पण आपल्याच भिंतींमध्ये झोपणार असतं.

आमच्या ग्रुपवर आता मेसेज वेगळे येतायत. आत्याने पुढाकार घेतला आणि सगळ्यांनी मिळून पाच जणांच्या पुस्तकांचे, डुप्लिकेट गुणपत्रिकांच्या फीचे पैसे जमवले. ठाण्याच्या काकांनी प्रतिज्ञापत्रांचं काम एका वकील मित्राकडून करून दिलं. मोठं काही केलं असं आम्हाला वाटत नाही. उशीर झाला, एवढं मात्र सगळ्यांना वाटतं.

ती मुलं आता नारायण पेठेत दुसऱ्या एका वाड्यात राहतात. मागच्या रविवारी आजीने त्यांच्यासाठी पुरणपोळ्या पाठवल्या. डबा द्यायला मी आणि बाबा गेलो. मुलांनी चहा ठेवला, कॉटवर बसायला जागा केली. बाबा बसले नाहीत. ते चपला काढून तसेच दारात उभे राहिले, भिंतींवरून नजर फिरवत. मग म्हणाले, “मेन स्विच कुठाय रे?”

पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्टूल मागितलं.